चूक कोणाची? मोटार आणि मोटारसायकल यांच्या टकरीविषयी थोडेसे विवेचन

रस्त्यात टक्कर झाली की पाच मिनिटांत गर्दी जमते आणि सहाव्या मिनिटाला निकाल लागतो. मोटार व मोटारसायकल यांची टक्कर असेल तर दोष मोटारवाल्याचा; मोटार व ट्रक यांची असेल तर ट्रकवाल्याचा; आणि मोटारसायकलने एखाद्या पादचाऱ्यास धक्का दिला असेल तर मोटारसायकलवाल्याचा. वाहन जितके मोठे तितका अपराध मोठा, असा हा रस्त्यावरचा न्याय आहे. तीच हकीगत संध्याकाळी चार गृहस्थ बसून बोलू लागले म्हणजे निकाल फिरतो. "हल्लीची पोरे! वेगात असणार, दुसरे काय!" पहिल्या निकालात दया आहे, दुसऱ्यात राग आहे, चौकशी मात्र दोहोंतही नाही. आणि घरातली वडीलधारी माणसे तर हा प्रश्नच मिटवून टाकतात. शेजारच्या घरी 'नशिबात होते' म्हणतात, आमच्या घरी 'तकदीर' म्हणतात, अर्थ एकच.

या चौकशीवर पुष्कळ काही अवलंबून असते. सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांतील शंभरांमागे सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. यांतील बहुतेकांच्या मागे एक घर असते. त्या घराला पुढे भरपाई मिळणार की नाही, मिळाली तर पुरी की अर्धी, हे 'चूक कोणाची' या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून हे उत्तर कसे काढतात, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वेगाचा विचार करू. आम्ही शाळेत गणित व विज्ञान शिकवितो, तेव्हा थोड्या आकडेमोडीबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पुढे अडथळा दिसला, तो मेंदूत शिरला, हातपाय ब्रेककडे गेले, एवढे होईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर साधारण चालकाला थांबावयास आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४० मीटर. ताशी ४० ला हीच बेरीज २१ मीटर येते आणि ताशी ८० ला ६३ मीटर. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही. ब्रेकचे अंतर चौपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

आता नववीच्या मुलांना आम्ही नेहमी घालतो ते गणित. दोन मोटारसायकली शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ६० ने, दुसरी ताशी ८० ने. बरोबर ४० मीटरवर एक बैलगाडी आडवी आली. दोघांनी एकाच क्षणी पाहिली, दोघांचे ब्रेक सारखे. पहिला गाडीला टेकता टेकता थांबला. दुसरा गाडीवर आदळला, तो किती वेगाने? मुले पटकन 'वीस' म्हणतात, कारण ८० मधून ६० गेले की २० उरतात. खरे उत्तर ताशी सुमारे ६० आहे. पहिला ज्या वेगाने चालला होता, त्या वेगाने दुसरा आदळतो. कारण त्याचे २२ मीटर नुसत्या विचारात गेले आणि ब्रेकला १८ मीटरसुद्धा उरले नाहीत. हे उत्तर फळ्यावर उमटले की वर्गात क्षणभर शांतता पसरते, असा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

ताशी ६० ने भिंतीवर आदळणे म्हणजे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. ताशी ४० ची उंची सहा मीटरांच्या वर आहे. तीही दोन मजल्यांची. मोटारीत बसलेल्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, हवेची पिशवी असते. मोटारसायकलवाल्याच्या भोवती सदरा असतो. सरासरी वेग शंभरात एकाने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका शंभरात चारांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचे कारण या वर्गाच्या गणितात आहे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. सरकारी अहवालात २०२२ च्या मृत्यूंपैकी शंभरातले ७१ 'अतिवेगा'च्या खाती मांडले आहेत. वेग घातक आहे हे आम्ही वर दाखविलेच. परंतु हा रकाना भरणारा अंमलदार प्रत्येक वेळी वेग मोजून भरतो, असे समजण्याचे कारण नाही. दुसरे काही कारण सुचले नाही म्हणजे 'भरधाव वेगाने व निष्काळजीपणाने' हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. या ठरीव वाक्याने रस्त्याचा खड्डा, न दिसणारा दुभाजक, बंद पडलेला दिवा हे सर्व झाकले जाते. अतिवेग हे कारण असेल तर ते खुणांवरून दाखविता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट दृष्टीची. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरात ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्या अपघातांत दुसरे वाहन होते, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने मोटारसायकलच्या वाटेच्या हक्कावर अतिक्रमण केले होते. पुष्कळदा तो चौकात समोरून येऊन आडवा वळला होता. तेथे वाहने उजवीकडून चालतात म्हणून ते वळण डावे. आपल्याकडे तेच उजवे. आणि असे चालक बहुधा एकच सांगत, "मला ती दिसलीच नाही." हे खोटे असते असे नाही. माणूस चौकात मोटार, बस, ट्रक शोधत असतो. मोटारसायकलची समोरून दिसणारी रुंदी मोटारीच्या निम्मीही नसते. काचेच्या कडेचा खांब तिला सहज झाकतो. शिवाय लहान वस्तू डोळ्याला दूरची वाटते, आणि रात्री एकच दिवा समोरून येत असला म्हणजे तो किती वेगाने येतो आहे याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. यावर उपाय म्हणून आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप जळत राहतो. वाटेत लोक "दिवा चालू आहे" म्हणून हात दाखवितात, त्यांचा हेतू चांगला असतो; पण दिवा मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

तेव्हा मोटारवाला वळला आणि मोटारसायकल त्याच्यावर आदळली, तर दोष मोटारवाल्याचा, असे समजून मोकळे व्हावे काय? नाही. आडवे वळून रस्ता पार करावयास मोटारीला चार-पाच सेकंद लागतात. मोटारसायकल १०० मीटर दूर असताना त्याने वळावयास सुरुवात केली असे धरा. ती ताशी ५० ने येत असेल तर तिला पोहोचावयास सात सेकंद लागतील. मोटार निघून गेलेली असेल. ताशी ९० ने येत असेल तर चारच सेकंद. पाहूनसवरून वळलेला चालकही येथे फसेल. म्हणजे एकाच चौकातील एकाच टकरीत मोटारसायकलचा वेग बदलला की दोषाचे माप बदलते. हे माप करावयास कायद्याला फार दिवस लागले, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे.

सन १८०९ मधला इंग्लंडातील खटला आहे. डर्बी गावी एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला होता. संध्याकाळी दिवेलागणीला एक गृहस्थ दारूच्या गुत्त्यातून निघून घोडा फेकीत आला आणि वाशाला अडखळून पडला. वासा शंभर यार्डांवरून दिसण्याइतका उजेड होता. न्यायालयाने त्याला काही मिळू दिले नाही. तू सावध असतास तर वाचला असतास, असे सांगितले. वासा टाकणारा सुटला! पुढे १८४२ मध्ये गाढवाचा खटला झाला. पुढचे पाय बांधलेले एक गाढव धन्याने रस्त्यात चरावयास सोडले होते. उतारावरून तीन घोड्यांची गाडी वेगात आली आणि गाढव चिरडले गेले. गाडीवाला म्हणाला, रस्त्यात गाढव सोडणे हीच चूक. न्यायालय म्हणाले, असेल. पण टाळण्याची शेवटची संधी तुला होती. धन्याला भरपाई मिळाली. एका खटल्यात सारे गेले, दुसऱ्यात सारे मिळाले. दोष वाटून द्यावा, ही साधी गोष्ट इंग्लंडात कायद्याने १९४५ साली आली.

आपल्या देशात आज न्यायाधिकरणे हीच वाटणीची रीत पाळतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुरावा पाहून दोषाचे शेकडा प्रमाण ठरविते. समजा, नुकसान २० लाखांचे ठरले आणि मृत मोटारसायकलस्वाराचा स्वतःचा दोष शेकडा ३० धरला, तर घरच्यांना १४ लाख मिळतील. ६ लाख त्याच्या वेगाने किंवा चुकीच्या बाजूने चालण्याने नेले. म्हणून विमा कंपनीचा वकील पहिल्यापासून हे प्रमाण चढविण्याच्या खटपटीत असतो. त्याचे ते कामच आहे. आपण आपले काम केले पाहिजे.

मागे बसलेल्याची गोष्ट निराळी आहे. त्याने वाहन हाकले नाही, म्हणून चालकाचा दोष त्याच्या माथी येत नाही. दोन वाहनांच्या एकत्रित चुकीने त्याला इजा झाली तर तो आपली संपूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. याला व्यवहारात फार महत्त्व आहे, कारण दुचाकीचा विमा नुसता त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे 'थर्ड पार्टी' असला तर मागे बसलेल्याची जबाबदारी त्या विम्यात येत नाही. दावा मोटारीच्या विम्याकडे करावा लागतो.

आता खुणांविषयी. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार १९६० च्या डिसेंबरात रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आदळली. झाड उखडले, एंजिन जागचे सुमारे फूटभर मागे सरकले. टक्कर पाहिलेला विश्वसनीय साक्षीदार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की असल्या ठिकाणी घटना स्वतःच बोलते. चालकाची हयगय नव्हती हे दाखविण्याचा भार आता दुसऱ्या पक्षावर. फौजदारी खटल्यात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो; न्यायाधिकरणापुढे मात्र अधिक संभव कशाचा, एवढे पाहतात. फौजदारीत चालक सुटला म्हणून घरच्यांनी दाव्याची आशा सोडणे हा मोठा गैरसमज आहे.

घटना बोलते, पण पंचनाम्यात तिचे शब्द उतरले पाहिजेत. काचा व माती कोठे सांडली, घसरण्याच्या खुणा किती लांब, कोणत्या बाजूला, वाहने कोणत्या तोंडाने पडली, मोटारीचा दरवाजा चेपला की पुढचा भाग, हे सर्व लिहिले गेले पाहिजे. ब्रेकच्या नव्या पद्धतीत चाक पूर्ण अडकत नाही, म्हणून टायरची काळी रेघ पुष्कळदा उमटत नाही. रेघ नाही म्हणजे ब्रेक दाबलाच नाही असा तर्क आता चालावयाचा नाही. वाहने हलविण्यापूर्वी चार बाजूंनी चार छायाचित्रे काढून ठेवावीत. आज प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. दुर्दैव असे की ते साधन जखमीच्या तोंडावर रोखले जाते, रस्त्यावर नाही.

आमच्या बेळगाव भागापुरते एक प्रकरण विस्ताराने सांगावेसे वाटते, ते उसाच्या ट्रेलरचे. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर जोडून ऊस कारखान्यांकडे निघतो. ऊस बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, असला तर उसाच्या पाल्यात बुडालेला. चाक पंक्चर झाले की तो धूड रस्त्यातच उभा राहतो आणि हाकणारा जॅक आणावयास जातो. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो वीस-पंचवीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही, कारण समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोताने त्याचे डोळे दिपलेले असतात. वरचे गणित आठवावे. ताशी ४० ला २१ मीटर लागतात. म्हणजे ताशी ४० च्या पलीकडे त्याला सुटका नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अंत अशाच रीतीने झाला. गावात बोलले गेले की मागून आदळला, म्हणजे चूक त्याचीच. आणि त्याच्या वडिलांनाही ते खरे वाटले.

मागून आदळणाऱ्याची चूक हा नियम पुष्कळ अंशी बरोबर आहे. ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवरून चाललेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोटारचालकालाच दोषी धरले. पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबला ही सबब चालली नाही, कारण तो दाबील हे धरूनच अंतर राखावयाचे असते. परंतु त्याच वर्षी, रात्री दिवे व खूण यांवाचून रस्त्यात उभ्या केलेल्या गॅसच्या टँकरवर आदळलेल्या मोटारीच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने अर्धा दोष मोटारचालकावर ठेवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. टँकरच्या जागी ट्रेलर घाला. तो मुलगा ताशी किती वेगाने होता आणि ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्टी होती काय, या दोन प्रश्नांवर सारे अवलंबून होते. पंचनाम्यात दोन्हींचा उल्लेख नव्हता. हंगामाच्या प्रारंभी ट्रेलरच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या ठोकण्याचे काम गावोगावच्या मंडळांनी अंगावर घेतले तर त्याला खर्च फार नाही.

परवाना व तिघे बसणे यांविषयीही गैरसमज आहे. तिघे बसले म्हणजे आपोआप दोष, असे विमावाले सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले की तिघे बसणे हा नियमभंग खरा, परंतु त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असे दाखविल्यावाचून भरपाई कापता येत नाही. त्या प्रकरणात मोटारीने मागून धडक दिली होती. परवाना नसण्याविषयीही २००८ मध्ये असाच निकाल झाला. यावरून कोणी मुलाच्या हाती चावी देण्याची सवलत घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाने वाहन हाकून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड ठेवला आहे. रमजानमध्ये सहरीच्या वेळी आणि गणपतीच्या रात्री रिकाम्या रस्त्यांवर कोणाची मुले शर्यती लावतात, ते दोन्ही मोहल्ल्यांना ठाऊक आहे.

शिरस्त्राणाविषयी, म्हणजे हेल्मेटविषयी, थोडक्यात सांगतो, कारण ऐकून ऐकून कान किटले आहेत. २०२२ मध्ये ते न घातलेले ५० हजारांवर दुचाकीस्वार मेले. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर ते टोपीइतकेच उपयोगी.

आता प्रत्यक्ष टक्कर झाल्यावरचा व्यवहार. जखमीला दवाखान्यात पोहोचविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे; गर्दी त्याला मारीत असेल तर तो ते करणार कसा? मदत करणाऱ्या त्रयस्थाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण आहे. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे, तेव्हा 'आधी पैसे भरा' या उत्तराने परत फिरू नये.

यानंतर भेटीस येतो तो तडजोडीचा कागद. मोटारवाला सभ्य असतो, घाबरलेला असतो, पाच-दहा हजार पुढे करतो. पंच म्हणतात, मिटवून टाका. त्या वेळी पाय नुसता सुजलेला दिसतो. महिन्याने कळते की हाड नीट बसले नाही व पोराचे काम गेले. पोलिसांत वर्दी न देता केलेल्या या सहीने पुढचा दावा फार दुबळा होतो. आम्ही आजवर असे पुष्कळ कागद वाचले आहेत. सारे एकाच हाताने लिहिल्यासारखे असतात, आणि प्रत्येकात 'माझी काही तक्रार नाही' हे वाक्य असते.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, असे कलम १६६ मध्ये एप्रिल २०२२ पासून आहे. या मुदतीविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे, तरी आपण मुदत पाळावी हे बरे. दोष कोणाचा याच्या वादात पडावयाचे नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख मागता येतात. तेथे दोष सिद्ध करावा लागत नाही, परंतु मग अधिक रकमेचा दावा सोडावा लागतो. कमावत्या तरुणाच्या घरच्यांनी हा मार्ग घेण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

स्वतःच्याच चुकीने पडलेल्या चालकाला त्रयस्थ विमा काही देत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो; तो पावतीवर लिहिलेला आहे काय, ते पाहावे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना त्रयस्थ विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे सहाव्या वर्षी तो संपल्याचे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. अशा गाडीने कोणास इजा केली तर भरपाई मालकाच्या घरादारातून जाते.

आणि धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा पत्ता लागला नाही, तरी मार्ग आहे. एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे जात नाही. जेथे अपघात झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत तो द्यावयाचा असतो, आणि सोबत पोलिसांतील वर्दीची व दवाखान्याच्या कागदांची नक्कल जोडावी.